पैलवानाचं वजन

मी काय काम करते, ते आईला शेजारणींना सांगता येत नाही. एकदा गल्लीतल्या काकूंनी विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "पत्ते विकते." काकू तूर निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. "पत्ते? जुगाराचे वं?" तेव्हापासून आई "मोबाइलवर काम करते" एवढंच सांगते, आणि ते ऐकायला त्याहून बरं वाटतं असंही नाही.

म्हणून आधी कामच सांगते. मी कार्डं विकते, लोक जमवतात ती. बबलगमसोबत मिळायची ती क्रिकेटपटूंची, परदेशी खेळांमधली चकाकत्या राक्षसांची, आणि सगळ्यात जास्त खप असलेली पैलवानांची. ही शेवटची कार्डं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी किराणा दुकानात लटकलेली असायची. प्रत्येक कार्डावर एका पैलवानाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या. दोघांनी गड्डी वाटून घ्यायची. ज्याची पाळी त्यानं आपल्या वरच्या कार्डावरची एक ओळ ओरडायची, "वजन!" ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचं कार्ड घ्यायचं. इतका साधा खेळ. तो खेळलेली मुलं आता चाळिशीला आली आहेत, पगार घेतात, ईएमआय भरतात, आणि त्यांना ती कार्डं परत हवी असतात. तीही कोपरे न दुमडलेली. ज्या वयात कार्डं खिशात कोंबून ओढ्यावर नेली जायची, त्या वयाची आठवण त्यांना कोऱ्या करकरीत अवस्थेत पाहिजे असते. माझा सगळा धंदा या एका हट्टावर चालतो.

मी राहते नेरला. माल येतो कुठून, हा प्रश्न सगळे विचारतात. जुनी घरं पाडली जातात, माळे रिकामे होतात आणि डबे भंगारात जातात. आमच्या इथले भंगारवाले रफिकचाचा कागदी, रंगीत, लहान असं जे दिसेल ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात. "बेटी, तेरे पैलवान आये," असा निरोप आला की मी जाते. घरी आणून कार्डं वेगळी करायची, भिंगातून बघायची, फोटो काढायचे, विक्रीच्या साइटवरच्या माझ्या दुकानात टाकायचे. विकलं गेलं की पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, मग जाड प्लास्टिकमध्ये, आणि दोन्हीकडून पुठ्ठा. पुठ्ठा म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापून वापरते, त्यांच्याइतका ताठ कागद फुकट मिळत नाही. बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकानं एकदा कळवलं होतं, 'कार्ड उत्तम आहे, पण मला लग्नाला यायचं आहे का?'

गिऱ्हाइकांना मी कोण आहे ते माहीत नसतं, आणि ही व्यवस्था मी जाणूनबुजून केलेली आहे. दुकानाच्या नावात माझं नाव नाही. लोक मला 'ब्रो' म्हणतात, 'भाई' म्हणतात, 'सर' म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. सुरुवातीला फोटोत कार्ड धरलेली माझी बोटं दिसायची. एकानं आधी कार्डाच्या कोपऱ्यांचे फोटो मागितले, मग मागच्या बाजूचे, मग तिरप्या उजेडातले. मी सगळे पाठवले. मग त्यानं विचारलं, "नखं छान आहेत, अजून फोटो आहेत का?" तेव्हापासून मी काळे हातमोजे घालून फोटो काढते. बरेच जण त्याला व्यावसायिकपणा समजतात.

फोन नंबर मी देत नाही. बोलण्यापेक्षा मला लिहिणं सोपं जातं, आणि तेही इंग्रजीत. माझी शाळा यवतमाळची, इंग्रजी माध्यमाची. रोज बसनं जायचे. शाळेत माझं इंग्रजी इतरांपेक्षा गावाकडचं वाटायचं आणि घरी आल्यावर माझं मराठी ऐकून चुलत भावंडं हसायची. त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. इंग्रजीत लिहिलेल्या 'डिअर सर'च्या मागे मात्र निवांत उभं राहता येतं. समोरचा कितीही तापलेला असो, आपला आवाज चढत नाही आणि कापतही नाही.

या धंद्यात त्रास देणारं गिऱ्हाईक क्वचित ओरडणारं असतं. ओरडणारे लवकर थकतात. एका वडिलांनी मुलासाठी घेतलेली दोनशे कार्डं परत पाठवतो म्हणून तगादा लावला होता, कारण मुलगा गणितात नापास झाला. त्यांना मी एवढंच लिहिलं की कार्डांवर आकडे असतात, त्यानं बेरीज तरी केली असेल. ते हसले आणि विषय संपला. खरा त्रास गोड बोलणाऱ्यांचा. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं चकाकतं कार्ड एका सभ्य माणसानं घेतलं, 'थोडा दोष वाटतो' म्हणून अतिशय नम्र भाषेत परत पाठवलं, आणि परत आलं ते दुसरंच कार्ड होतं. तेच चित्र, पण कोपरे झिजलेले. माझ्याकडे पुरावा नव्हता. साइटनं त्याची बाजू घेतली. मी तीन दिवस कोणाशी बोलले नाही, अर्थात घरात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर मी नियम केले. कार्ड पाकिटात भरतानाचा सलग व्हिडिओ काढायचा. प्रत्येक मालिकेची छापील यादी जवळ ठेवायची, कोणत्या कार्डावर काय छापलं होतं ते तपासायला. आणि तिसरा नियम, जो मी कुठेही लिहून ठेवलेला नव्हता: गिऱ्हाईक 'हे ते कार्ड नाही' म्हणालं, की ते खोटं बोलतं असं धरून चालायचं. या नियमांवर मी पुढे एकही तक्रार हरले नाही. माझ्या दुकानाच्या नावापुढे साइटनं विश्वासाचा हिरवा शिक्का दिला. तो मला फार जपावासा वाटतो. मला ओळखणारी माणसं कमी आहेत, पण न ओळखणारी इतकी माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात, याचं मला अप्रूप आहे.

ज्या तक्रारीबद्दल मला लिहायचं आहे, तीही मी जिंकलेच असते. सगळा पुरावा माझ्या बाजूनं होता.

मागच्या वर्षी रफिकचाचांकडे पत्र्याचा एक डबा आला. नेरजवळच्या एका तांड्यावर जुनं घर पाडून नवीन बांधलं, त्यातल्या भंगारात तो होता. आत चाळीसेक पैलवान. मुलांनी खेळून खेळून मऊ केलेली कार्डं, बऱ्याच कार्डांवर पेनच्या रेघा. अशी कार्डं मी आहे तशी साइटवर टाकते, दोष लिहून. मात्र विकलं गेलं की भरण्यापूर्वी एक काम करते, किंवा करायचे. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पेनच्या खुणा पुसायच्या. त्या कार्डांवर गुळगुळीत थर असतो, शाई त्याच्या वरच बसते, हलक्या हातानं निघून येते. या कामाबद्दल जमवणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. काहींच्या मते ही फसवणूक आहे, काहींच्या मते अंघोळ. मी अंघोळवाल्यांतली. सांगितलं होतं त्यापेक्षा स्वच्छ कार्ड हातात पडलं तर कोण तक्रार करेल, असं मला वाटायचं. मला त्या सफाईचा अभिमानही होता.

त्या डब्यातलं एक मुखवटेवाल्या पैलवानाचं कार्ड मी टाकलं त्याच दिवशी विकलं गेलं. घेणारा वणीचा होता, नाव देवीदास. आमच्या जिल्ह्याच्या एका टोकाला नेर आणि दुसऱ्या टोकाला वणी. जिल्ह्यातलं गिऱ्हाईक मला क्वचित मिळतं, म्हणून नाव लक्षात राहिलं. मी कार्ड पुसलं, भरलं, व्हिडिओ काढला, पोस्टात दिलं.

चार दिवसांनी मराठीत मेसेज आला. 'कार्ड भेटलं. पण वजन कमी हाय.'

मी पोस्टाची पावती काढली. तीवर पाकिटाचं वजन असतंच. डिअर सर म्हणून इंग्रजीत कळवलं की पाकिटाचं वजन पावतीप्रमाणे बरोबर आहे, सोबत फोटो पाहावा.

उत्तर आलं, 'पाकिटाचं नाही वो. पैलवानाचं.'

ही थट्टा आहे असं मला वाटलं. काही लोक अशाच गमतीनं सुरुवात करतात आणि मग भलतीकडे जातात, तो अनुभव मला होता. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी साइटकडून रीतसर तक्रार आली: कार्ड बदललेलं आहे. तीन दिवसांत खुलासा द्यावा, नाहीतर हिरवा शिक्का जाईल. तक्रारीत देवीदास यांनी मराठीतच लिहिलं होतं, 'एकशे ऐंशी होतं, एकशे तीस आलं.'

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाजी चिरत होती.

"आई, ऐंशी म्हणजे एटी ना?"

"हो."

"आणि एकोणऐंशी?"

आईनं विळीवरून मान वर केली. "इतकी फी भरली तुह्या शाळेची. ऐंशी येत नाही पोट्टीले!"

म्हणजे त्या माणसाचं म्हणणं असं होतं की कार्डावर वजन १८० किलो होतं आणि आता १३० आहे. मी माझा व्हिडिओ पाहिला. कार्डावर स्पष्ट १३०. छापील यादी पाहिली. मुखवटेवाला, वजन १३०. त्या मालिकेत १८० किलोचा मुखवटेवाला कधी छापलाच गेला नव्हता. मला हायसं वाटलं, थोडा आनंदही झाला. इतका कच्चा लबाड मला आजवर भेटला नव्हता. निदान अस्तित्वात असलेलं कार्ड तरी मागायचं.

मी त्यांना लिहिलं. या वेळी मराठीत लिहिलं, कारण माझं म्हणणं त्यांना नीट समजावं अशी माझी इच्छा होती. 'या मालिकेत या पैलवानाचं वजन एकशे तीसच छापलेलं आहे. एकशे ऐंशीचं कार्ड छापलेलंच नाही. कृपया खोटी तक्रार मागे घ्या.'

दहा मिनिटांत उत्तर आलं.

'छापलं नाही हे मले बी मालूम हाय. म्हनून तर घेतलं.'

ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. विकलं गेलेलं कार्ड साइट दुकानातून काढून टाकते, पण त्याचे मूळ फोटो माझ्या फोनमध्ये असतात. ते शोधले. मुखवटेवाला, पुसण्यापूर्वीचा. वजनाच्या आकड्यात इंग्रजी तीनाची डावी बाजू निळ्या पेननं बंद केलेली. एकशे ऐंशी. खाली माझंच वर्णन होतं: 'वजनाच्या आकड्यावर किरकोळ पेनची खूण.'

किरकोळ. त्या माणसानं ती खूण विकत घेतली होती आणि मी ती पुसून, तिच्याखालचं कार्ड पाठवलं होतं.

मी अंगणात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला फोन लावला. त्यांनी तक्रारीत नंबर दिला होता. पलीकडे मोठ्या गाड्यांची घरघर ऐकू येत होती.

"हॅलो, मी... कार्डवाली बोलतेय."

"कोन?"

"तुम्ही तक्रार केली ना. पैलवानाची."

"आवं! तुमी बाईमानूस हाय? मी समजलो एखादा पोट्टा असन यवतमाळचा. थांबा, डंपर बाजूले घेतो." घरघर थांबली. "हां, बोला मॅडम."

"तुमचं बरोबर आहे. तिथे आठ होता. मी तो पुसला."

पलीकडे डंपरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"पुसला? कायले?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"चांगलं..." ते म्हणाले. मग हळू आवाजात, "मॅडम, त्या आठासाठी मी अठ्ठावीस वर्सं थांबलो."

देवीदासभाऊ वणीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. मूळ घर नेरजवळच्या त्याच तांड्यावर. तिथे त्यांची आई आणि धाकटा भाऊ अनिल राहतात. आईला ते याडी म्हणतात, त्यांच्या बंजारा, म्हणजे गोर बोलीत आईला तोच शब्द आहे. देवीदास अकरा वर्षांचे आणि अनिल नऊचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं ही कार्डं खेळायचे. एका दुपारी मुखवटेवाला वर आला की अनिल "वजन!" ओरडायला लागला आणि दर वेळी जिंकायला लागला. देवीदासांनी त्याच्या हातातलं कार्ड ओझरतं पाहिलं. तीनाचा आठ केलेला होता. ते याडीकडे पळाले. अनिल म्हणाला, भाऊ हरला म्हणून खोटं सांगतो. "कार्ड दाखव" म्हटलं तर कार्ड सापडेना. धाकट्यावर खोटा आळ घेतो, म्हणून याडीनं देवीदासांच्या थोबाडीत मारली.

"थे मार काय, विसरलो असतो," ते म्हणाले. "पन घरात तवापासून एक बोलनं पडलं. मी काही बी सांगतलं की सारे म्हनतात, हो, एकशे ऐंशी! कोळशाची गाडी पलटली सांगा, एकशे ऐंशी. साप दिसला सांगा, एकशे ऐंशी. लग्नात बायकोले कोनी सांगतलं काय मालूम, थे बी म्हनते. आता माही पोट्टी सातवीत हाय. तिले शाळेतली गोष्ट सांगतली तं म्हनते, पप्पा, एकशे ऐंशी नका सांगू."

ते हसत होते. मीही हसले, आणि मग मला कळलं की त्यांचं हसणं माझ्याआधीच थांबलं आहे.

"तुमच्या दुकानात फोटो पाह्यला," ते म्हणाले, "तं डंपर बाजूले लावून पुना पाह्यला. त्यानं डब्यात लपवलं होतं लेकाच्यानं! आता घर पाडलं तं डबा भंगारात गेला, त्याले ध्यानात बी नसन. म्हटलं आता याडीसमोर ठेवतो. पाकीट फोडलं तं आत एकशे तीस. मंग तुमी लिवलं, खोटी तक्रार मागं घ्या. मॅडम, या एकाच कार्डापायी मले दोनदा खोटा ठरवलं."

मी सगळे पैसे परत देते म्हणाले. त्यांना ते नको होते. मूळ फोटो पाठवते म्हणाले.

"फोटो हाय माह्याजवळ. पन फोटोले कोन मानते आता? अनिल म्हनन, भाऊनं मोबाइलमंदी बनवला. आजकाल काही बी बनते."

तेव्हा मी जे बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. घरात निळा पेन होता. तीनाचा आठ करणं दोन सेकंदांचं काम. "कार्ड परत पाठवा," मी म्हणाले, "मी तो आठ होता तसा काढून देते. फोटो बघून. कोणाला कळणार नाही." जपलेल्या शिक्क्याचा एवढा गर्व असलेली मी, हे इतक्या सहज बोलून गेले.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "मंग तं मी खरंच एकशे ऐंशी होईन."

आईनं दारातून विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली वं इतकं?" मी हातानंच थांब म्हटलं.

"तुमी एक करा," देवीदासभाऊ म्हणाले. "लिवून द्या. आठ होता आन् तुमी पुसला, असं. मराठीत लिवा, याडीले वाचून दाखवाचं हाय. आन् खाली सही पायजे. दुकानाचं नाव नको. दुकानाले कोन ओळखते? मानसाचं नाव पायजे."

लिहून देते म्हणाले खरी, पण दोन दिवस कागदाला हात लावला नाही. साइटची मुदत संपत आली होती. अडचण सरळ होती. न सांगता कार्ड पुसलं, हे विकणाऱ्यानं स्वतःच्या सहीनं कबूल करणं म्हणजे या धंद्यात स्वतःविरुद्ध पुरावा देणं. तो कागद कोणी फोटो काढून जमवणाऱ्यांच्या गटात टाकला, तर मी विकलेल्या प्रत्येक कार्डाकडे लोक संशयानं बघणार. आणि खाली माझं नाव असणार. जे नाव मी काळ्या हातमोज्यांत, 'ब्रो'मध्ये, इंग्रजीत लपवून ठेवलं होतं, ते एका अनोळखी माणसाच्या हातात. मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. फोटो पुरेसा आहे. पैसे परत देतेच आहे. घरातली एक गंमत आहे, एवढं काय त्यात. पण प्रत्येक वेळी मला माझंच वाक्य आठवे, 'कृपया खोटी तक्रार मागे घ्या.' त्यातला 'कृपया' तर मला फार लागे. याडीनं निदान चिडून मारलं होतं. मी शांतपणे, यादी तपासून, पुराव्यानिशी मारलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साइटला कळवलं की तक्रार खरी आहे, चूक माझी आहे. मग कागद घेतला. तीन कागद खराब झाले, कारण मराठीत माझं अक्षर लहान मुलासारखं आहे. शेवटी एवढं जमलं:

'मी नेर येथे राहते व जुनी कार्डे विकते. मुखवटेवाल्या पैलवानाच्या कार्डावर वजनाच्या जागी १३० छापलेले होते. त्यातल्या तीनाचा कोणीतरी निळ्या पेनने आठ केलेला होता व वजन १८० दिसत होते. हे मी स्वतः पाहिले. कार्ड स्वच्छ करताना तो आठ मी पुसला. श्री. देवीदास यांनी सांगितलेले खरे आहे.'

'ऐंशी' कसा लिहायचा याची खात्री नव्हती, म्हणून आकडेच लिहिले. शेवटचं वाक्य आधी नव्हतं. कागद घडी घालताना वाटलं की याडीला वाचून दाखवायचं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. पोस्टात पाकीट देताना खिडकीतल्या ताई म्हणाल्या, "आज पुठ्ठा नाही? कार्ड वाकलं तर?" मी म्हणाले, "आज कार्ड नाही." पाकिटाचं वजन त्यांनी पावतीवर लिहिलं. कागदापुरतंच होतं.

हिरवा शिक्का गेला. अजून परत आलेला नाही. माझ्या प्रत्येक कार्डाच्या वर्णनात आता एक ओळ जास्त असते: 'शाई, रेघा, नावं जशीच्या तशी ठेवली आहेत. पुसून हवी असल्यास कळवा.' ही ओळ टाकल्यापासून विक्री थोडी मंदावली. पण एक अनपेक्षित गोष्ट झाली. लोक मला विचारायला लागले, अमुक कार्डावर मागे काही लिहिलेलं आहे का? कोणाच्या नावाचं पहिलं अक्षर आहे का? कोपरा दातानं चावलेला आहे का? मला वाटायचं सगळ्यांना कोरी कार्डं हवी असतात. खरं म्हणजे मी कधी कोणाला दुसरं काही विचारलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी दुपारी, फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. मी उचलला, तेही दुसऱ्या रिंगला.

"मॅडम, तांड्यावरून येऊन राह्यलो. नेरच्या स्टँडवरच हाव. घाबरू नका, घरी येत नाही. बस लागली, म्हटलं फोन करून सांगाव."

"काय झालं?"

"अनिललेच वाचाले लावलं ना! सारे बसले होते. भावकीतले दोघं-चौघं, याडी, पोट्टेपाट्टे. त्यानं ऐटीत सुरू केलं, 'मी नेर येथे राहते' म्हनून. तीनाचा आठ आला तं आवाज बसला त्याचा. म्हने पुढचं अक्षर लागत नाही. म्हटलं लागते, वाच! माह्या पोट्टीनं कागद हिसकला आन् शेवटलोक वाचला. खाली तुमचं नाव बी वाचलं, पूर्न."

"आणि अनिलभाऊ?"

"थो काय म्हनते? हासाले लागला. म्हने, मले वाटलं याडीले कवाच मालूम असन. आता पोट्टे त्याले एकशे तीस म्हनतात. काकानं काही सांगतलं की, हो, एकशे तीस!"

त्यांच्या मागे कंडक्टर वणीच्या नावानं ओरडत होता. मी विचारलं, "आणि याडी?"

कंडक्टरचा आवाज लांब गेला; ते बाजूला झाले असावेत.

"याडी? सारे उठून गेले तरी बसूनच. मंग मले जवळ बोलावलं. आमच्या बोलीत बोलली, तुमाले मराठीत सांगतो. म्हने, कोन्या गालावर मारलं होतं रे?"

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"आवं, अठ्ठावीस वर्सं झाली मॅडम, मले कुठचं आठवते! पन तिनं उजवा हात माह्या गालाजवळ उचलून धरला होता, तसाच. म्हनून डावा सांगतला." बस सुरू झाल्याचा आवाज आला. "तेवढं मात्र एकशे ऐंशी."